मुकादमाची आरती

बहात्तरच्या दुष्काळात शेवगावजवळच्या खडीकामावर आसाराम शाहीर बेंबीच्या देठापासून मुकादमाला गाण्यातून शिव्या घालायचा. मागणी एकच: दगड फोडणाऱ्या बायकांना प्यायला पाणी द्या. पण शिवी कानावर पडली की बायका अशा त्वेषानं हातोडा हाणायच्या, की खडीचे ढीग दुप्पट व्हायला लागले. मुकादम खूश. "शाहीर, आज माझ्या बापालाबी सोडू नगा!"

आसारामनं मग चिडून मुकादमाची आरतीच गायली. हातोडे थंडावले. केशरबाईला तर बसल्या बसल्या डुलकी लागली.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर हजर. आसाराम पोटभर पाणी प्यायला, घसा खाकरला, पण शिवी काही सुचेना.

मुकादम रडकुंडीला आला. "आवो शाहीर, सावली कुठं दिलीय म्या अजून?"