एक दिवस मागे

शिंपीणबाईंनी दगडावर बसून डावा बूट काढला आणि लगेच पस्तावल्या. टाचेचा फोड कालच्या दुप्पट झाला होता. अंगठ्याचं नख काळंठिक्कर. कमरेच्या पिशवीतली सुई काढून त्यांनी फोडातून दोरा ओवला, पाणी झिरपू दिलं आणि दोरा आतच ठेवून टोकं कापली. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, आता स्वतःचं कातडं. बूट परत चढवताना तोंडातून "आई गं" निघालंच. साठीच्या बाईने आईला हाक मारायची म्हणजे कमालच झाली!

आठवा दिवस होता. काल त्यांनी दोन मुक्कामांची वाट एका दिवसात तोडली होती आणि गुडघा आज त्याचा वचपा काढत होता. पण बसून भागणार नव्हतं. लेक पुढे होती. ही डोंगरवाट आज संध्याकाळी खाली बसथांब्यापाशी संपते. लेक एकदा बसमध्ये बसली की तिच्या गावी, तिच्या कामाला. मग पुन्हा रविवारचा फोन. "हं." "बरं." "ठेवते."

लेक दर सुट्टीत ही वाट एकटीने चालायची. या खेपेला निघायच्या आधी फोनवर कशावरून तरी वाजलं आणि ती म्हणाली, "कधी माझ्याबरोबर चार पावलं चाललीस का गं तू? तुझं आपलं मशीन आणि तू." ती चालण्याबद्दल बोलत नव्हती, हे शिंपीणबाईंना कळत होतं. पण दुसरं काय करायचं ते कळेना, म्हणून त्यांनी बूट विकत घेतले. काही सांगायचं नाही, पहिल्याच वळणावर गाठायचं, असा बेत. आणि नेमकं त्याच दिवशी एका गिऱ्हाईकाच्या कोटाचं अस्तर राहिलं. शब्द दिला होता हो त्याला! अस्तर लागलं, दिवस गेला. तेव्हापासून कालपर्यंत त्या एक दिवस मागे.

काठी टेकत त्या उठल्या. समोरून एक म्हातारं जोडपं चढत येत होतं.

"किती राहिलंय हो खाली?"

"हे काय, आलंच की!" म्हातारा म्हणाला.

"सकाळपासून आलंच आहे ते," शिंपीणबाई म्हणाल्या. "बरं, एक मुलगी भेटली का? पाठीवर पिवळी पिशवी?"

"भेटली ना," म्हातारी म्हणाली. "ओढ्यापाशी पाय बुडवून बसली होती. तास झाला असेल. आम्हाला बघून इतकं गोड हसली हो पोरगी."

शिंपीणबाईंना त्या म्हातारीचा हेवा वाटला. सरळ हेवा, दुसरं काही नाही. ते हसू शेवटचं कधी बघितलं ते त्यांना आठवेना.

ओढा आला तेव्हा तिथे कुणी नव्हतं. पाणी असं खळखळत होतं की पाय आपोआप तिकडे वळले. पण एकदा बूट निघाले तर परत चढायचे नाहीत. त्यांनी ओंजळभर पाणी तोंडावर मारलं आणि दगडादगडांवरून पलीकडे गेल्या. पुढचा उतार त्या आडव्या होऊन उतरल्या, एकेक पाऊल मोजून. मध्ये एकदा काठी सटकली आणि त्या बसल्या तशा चार हात घसरल्या. "मर मेल्या," त्या गुडघ्याला म्हणाल्या. "पण संध्याकाळी मर."

वळण संपलं आणि खाली पिवळी पिशवी दिसली.

पिशव्या काय, पिवळ्या पुष्कळ असतात. पण उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धं बोट खाली होता. शाळेच्या पहिल्या गणवेशापासून त्यांनी त्या खांद्याला आतून पट्टी लावली होती, कुणाला कधी कळू दिलं नव्हतं. मापं घेताना पोर समोर उभी असायची, आणि त्या तोंडात टाचण्या धरून म्हणायच्या, हलू नकोस. चालताना ती कशी दिसते हे त्यांनी कधी नीट बघितलंच नव्हतं. ती जरा डावीकडे कलून चालत होती. तिलाही लागत होतं कुठेतरी.

हाक मारावी असं फार वाटलं. पण मारली आणि तिने मागे न बघताच पाय उचलला तर? तिला गाठण्याएवढं बळ आता या गुडघ्यात नव्हतं. त्या न बोलता चालत राहिल्या. शंभर पावलं राहिली, मग पन्नास. श्वास पुरत नव्हता. खाली रस्ता दिसायला लागला होता आणि रस्त्याच्या कडेला बस उभी होती.

वाट इथे जेमतेम एका माणसाची होती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. मागून काठीची टकटक जवळ आली तशी लेक थांबली. कुणी घाईचं माणूस असेल असं समजून ती कड्याला पाठ लावून उभी राहिली. मान खाली घालून पिशवीचा पट्टा सैल करत, वर न बघता तिने हाताने वाट दाखवली.

"या, व्हा तुम्ही पुढे," ती म्हणाली. "मला काही घाई नाही."

"मला नाही गं व्हायचं पुढे," आई म्हणाली.