मागच्या दारानं

"गोठ्यात जा आन् धोतर सोड," तांड्याचा नायक रामसिंग म्हणाला. "दोन जाणती माणसं बघतील. टाका न्हाई दिसला, तर लगीन ठरल्यापरमाणं."

भावसिंग जागचा हलला नाही.

नायकाच्या दारात सगळा तांडा जमला होता. मुलीचा बाप बाबूसिंग औंढ्याकडून आला होता, तो सोयरीक मोडायलाच. त्याच्या माणसानं भावसिंगला हिंगोलीच्या दवाखान्याच्या मागच्या दारातून बाहेर पडताना पाहिलं होतं. आणीबाणीचं साल. नसबंदीचा सपाटा चालू होता, जीपचा आवाज आला की माणसं तुरीत लपत. त्या दारातून नस कापलेलेच बाहेर येत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग अशाला मुलगी कोण देणार?

पण भावसिंगची नस कुणी कापली नव्हती. तो आणि त्याचा चुलतभाऊ पेमा बाजाराच्या दिवशी एका बाईकडं जाऊन आले होते. पुढं भावसिंगला नको त्या जागी जखम झाली. "चल, दोघंबी दाखवू," तो पेमाला म्हणाला होता. पेमा हसला. "मला काय धाड भरलीय?"

भावसिंग एकटाच गेला. डॉक्टर भला माणूस. पोराची अब्रू राहावी म्हणून त्यानंच सांगितलं, पुढून येऊ नकोस, मागच्या दारानं ये. रक्त तपासलं, त्यात गरमी निघाली, बाईकडून लागलेला गुप्तरोग. "सगळ्या सुया घे, बरा होशील," डॉक्टर म्हणाला. "मग खुशाल लग्न कर. पोरंबाळं होतील." भावसिंगनं त्याचे पाय धरले होते.

"बघू द्या की!" त्याची आई भिकाबाई मधेच बोलली. "माझ्या लेकराला काय भ्याव हाय?"

धोतर सोडलं तर टाका दिसणार नव्हता, हे खरं. पण जे दिसलं असतं ते म्हाताऱ्यांनी बरोबर ओळखलं असतं. नसबंदी म्हणजे सरकारचा जुलूम, गरमी म्हणजे स्वतःची करणी.

"बघायचं काम न्हाई," भावसिंग म्हणाला. "कापलंय. जीपमधी घालून नेलतं मला."

भिकाबाईनं गळा काढला. कुणीतरी सरकारला शिवी हासडली, कुणी भावसिंगच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताची त्याला शरम वाटली. सुटल्यासारखंही वाटलं.

बाबूसिंग उठला, तसं नायकानं त्याला धरून बसवलं. "असा जाऊ नको. लगीन दारात आलंय, पोरीला काय घरात बसवून ठेवतोस? घर तेच, गोत तेच. ह्याच्या चुलत्याचा पेमा हाय की."

पेमा पुढं आला. भावसिंग त्याच्याकडं बघत राहिला. पेमानं मान वर केली नाही.

आता बोलायला हवं होतं. बाबूसिंगची रूपा, तिला यातलं कुणी काही विचारलं नव्हतं, तिच्यासाठी तरी. पण बोलायचं म्हणजे आत्ताच सांगितलेलं खोटं चारचौघांत उघडं करायचं. भावसिंग गप्प राहिला. भ्याडच म्हणायचं त्याला, दुसरं काय?

बाबूसिंगनं पेमाला खालवर न्याहाळलं. "एकडाव हात पोळलाय माझा, म्हणून इचारून राहिलो. राग धरू नको. तू कंदी त्या दवाखान्यात गेलतास?"

"न्हाई," पेमा म्हणाला. "सेवाभायाची आन. त्याची पायरीसुदिक चढलो न्हाई."

त्यात तसूभरही खोटं नव्हतं.

"मग पोरगं धडधाकट हाय," बाबूसिंग म्हणाला. "सोयरीक पक्की. आणा गूळ."