नोंदणीचं नाव

डिचोलीच्या छापखान्यात सुमंगला एकटीच होती. संगणकात नवी सिस्टीम घातल्यापासून अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर उघडत नव्हतं. संध्याकाळी इब्रामपूरची माणसं लग्नपत्रिका न्यायला येणार होती. फोनवर कंपनीतली मुलगी म्हणाली, "काकू, पुन्हा सुरू करायला नोंदणीचं नाव लागेल." सुमंगलाने नवऱ्याचं नाव सांगितलं. नोंदणी त्यानेच केलेली, आणि त्याला जाऊन वर्ष झालं होतं. "जुळत नाही." मग छापखान्याचं सांगितलं, स्वतःचंही. जुळेना. तिच्या बोटात त्याची अंगठी होती, सैल म्हणून दोरा गुंडाळलेली. लग्नात त्याच अंगठीने त्याने ताटातल्या तांदळांत 'सुमंगला' लिहिलं आणि माहेरचं नाव पुसलं गेलं. ते घेणारं माहेरीही कुणी उरलं नव्हतं. "शेवंती घालून बघ गो," ती पुटपुटली. "जुळलं, शेवंतीकाकू." सॉफ्टवेअर उघडलं. सुमंगलाने फोन ठेवला नाही. "बाये," ती म्हणाली, "आणि एकदा हाक मार."