डार्नलीच्या वतीनं

"काय रे डार्नली, पाणी कसंय?" ग्लॅडस्टननं खडकावरूनच विचारलं.

"छान आहे म्हणतोय," वर्निसनं सांगून टाकलं.

डार्नली काहीएक म्हणाला नव्हता. बाथशिबा गावच्या किनाऱ्यावर, खडकांमधल्या डोहात तो बायको वर्निसच्या शेजारी गळ्यापर्यंत पाण्यात बसला होता आणि पलीकडे फुटणाऱ्या लाटा बघत होता. अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. हात सुधारला, पाय सुधारला, काठी टेकत चालायलाही लागला; जीभ मात्र रुसली ती रुसलीच. म्हणून तर लेकीनं किनाऱ्यावरचं लाकडी घर भाड्यानं घेऊन दोघांना ब्रिजटाउनहून इथं सुटीला पाठवलं होतं. बार्बाडोसमध्ये कुणाचं काहीही दुखो, औषध एकच: समुद्रात जाऊन बस.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी वर्निसला बजावलं होतं, "त्यांच्या वतीनं बोलू नका. त्यांना गरज पडू द्या." सांगायला काय जातं त्यांचं! घरी दोघंच. ही गप्प झाली की सगळं घर गप्प, आणि ती शांतता तिला खायला उठायची. हा आता कायमचाच असा राहिला तर, हा विचार पाठ सोडायचा नाही. मग ती बोलायची. दोघांचंही बोलायची. आज सकाळीच माशांचे वडे विकणारीनं विचारलं, "तिखट सॉस घालू का, काका?" तर हिनं परस्पर सांगितलं, "नको म्हणतोय." बिचाऱ्यानं जन्मात सपक वडा खाल्ला नव्हता. तोही त्यानं मुकाट्यानं गिळला.

ग्लॅडस्टन ढेरी सांभाळत डोहात उतरला. हा डार्नलीचा लहानपणापासूनचा दोस्त, इथंच राहणारा. आजारपणानंतर पहिल्यांदाच भेटत होता. दोस्ताचं मिटलेलं तोंड त्यानं जरा वेळ निरखलं आणि घसा खाकरला.

"तू म्हातारा दिसायला लागलास म्हणतोय," वर्निस म्हणाली.

"तो म्हणतोय की तू म्हणतेस?"

"तोच! मी कशाला म्हणू?"

"असं? मग आज त्याच्याकडून कबूलच करून घेतो. फायनलला मी धावबाद झालो आणि गाव हरलं, ते कुणामुळं? हा बॅट घेऊन समोर उभा. चेंडू मारला आणि ओरडला, 'ये!' मी बापडा धावत सुटलो, आणि हा महाशय जागचा हलला नाही. वर जन्मभर सांगत फिरला की आपण 'नाही' म्हणून ओरडलो होतो. खोटारडा!"

हे भांडण वर्निस लग्न झाल्यापासून ऐकत आली होती. दर नाताळात रम पोटात गेली की दोघं एकमेकांवर तुटून पडायचे. आता नवऱ्याला उलट ओरडताही येत नव्हतं. तिला त्याची दया आली, आणि ग्लॅडस्टनचा भारी राग आला. एकदाचं मिटवून टाकावं म्हणून ती म्हणाली, "बरं बाबा, चूक त्याचीच म्हणतोय तो. 'ये'च म्हणाला होता. झालं तुझं समाधान?"

डोहातलं पाणी हिंदकळलं. डार्नलीच्या मानेच्या शिरा तटतटल्या. हनुवटी थरथरायला लागली.

"ना..."

"काय रे? नारळपाणी? नारळपाणी हवंय त्याला. ग्लॅडस्टन, बघ ना जरा, तो नारळवाला..."

"नाऽऽही!"

असा काही ओरडला की वाळूवरची माणसं वळून बघायला लागली.

वर्निसचा हात तोंडावर गेला. डोळ्यांना धारा लागल्या. किती दिवसांनी तिनं हा आवाज ऐकला होता! तोच खरखरीत, तोच चिडका. ग्लॅडस्टन तर लहान पोरासारखा पाण्यावर हात आपटत सुटला होता. हसत होता की रडत होता, त्याचं त्यालाच ठाऊक.

"हाच! अगदी हाच आवाज! ऐकला होता मी, लेका. त्या दिवशीही हाच 'नाही' ऐकला होता!"

डार्नली त्याच्याकडे बघतच राहिला. मग पाण्यातून त्याचं बोट वर आलं आणि दोस्तावर रोखलं गेलं.

"तू... तू... ह..."

शब्द अडला. त्यानं पुन्हा जोर लावला. "ह... हरा..."

ग्लॅडस्टननं सवयीनं वर्निसकडे पाहिलं. तिला शब्द केव्हाच कळला होता, अगदी जिभेच्या टोकावर आला होता. तिनं ओठ घट्ट मिटले, नाकापर्यंत पाण्यात बुडाली आणि तशीच थांबली.