कोंबड्याचा ठावठिकाणा

"न्यायाधीशांसमोर गप्प बस, नाहीतर निरीक्षणगृहात जाशील. मी बोलेन," कोंबडा चोरल्याचा आरोप असलेल्या छोट्या तुळसाला वकीलताईंनी बजावलं.

बाल न्याय मंडळात मुलं बिचकू नयेत म्हणून कुणी काळा कोट घालत नाही. कडक इस्त्रीचा गणवेश होता तो फक्त शिपायाच्या अंगावर. त्याला पाहताच तुळसाने ओठ घट्ट मिटले.

टेबलामागच्या साध्या साडीतल्या बाईंनी सोललेलं संत्रं तिच्यापुढे धरलं. "का गं पळवलास कोंबडा?"

"शेजारचे काका त्याला रविवारी कापणार होते. पण मावशी, त्या जजसाहेबांना सांगू नका!" तुळसाने हळूच शिपायाकडे बोट केलं.

"नाही सांगत," न्यायाधीशबाई हसू दाबत म्हणाल्या. "आता कुठे असतो तो?"

"आमच्या वकीलताईंच्या बाल्कनीत."