खुणेची चिंधी

“मान धर गं त्याची, मान!”

आईचा तो आवाज थोरलीच्या कानात अजून तसाच होता. तेव्हा ती शाळकरी पोर होती आणि मांडीवर तान्हा भाऊ. देठ मोडलेल्या फुलासारखी त्याची मान कलंडायची. रडायचा तेही मांजराच्या पिल्लाएवढंच. वर्षाचा होण्याआधी त्याचा श्वास थांबला. घर माणसांनी भरलं होतं. सगळ्यांदेखत आई म्हणाली, “माझ्या हातून पडला होता तो. मानेवरच पडला.”

त्या दिवसापासून आत्या आईला “पोर पाडणारी” म्हणायला लागली, ते मरेपर्यंत.  वडिलांनी आईच्या हातात पुन्हा काचेचं भांडं म्हणून दिलं नाही.

आज भर दुपारी थोरली आईच्या लाँड्रीत, मागच्या खोलीत उभी होती. भिंती वाफेने ओल्या झालेल्या. आई धुऊन आलेल्या चादरींवरच्या खुणेच्या चिंध्या कात्रीने उसवत होती. लाल, निळी, पिवळी. कुठला कपडा कुठल्या घरी जायचा, ते त्या चिंध्यांवरून ठरायचं.

“प्रयोगशाळा सोडून इकडे कुठे? काढून टाकलं की काय तुला?”

“आई, बस ना जरा.”

“मी बसते. गठ्ठे तू उसव.”

थोरली हसली नाही. सकाळी धाकटीचा फोन आला होता. सातवा महिना चाललेला, आवाजात नुसता आनंद. “बाळ आळशी निघणार बघ, ताई. हलतच नाही फारसं. मावशीवर गेलंय!” फोन ठेवून थोरली तडक इकडे निघाली होती.

तिचं काम पेशींवर होतं. प्रत्येक पेशीत इवल्या इवल्या पिशव्यांची ये-जा चालू असते. पिशवीच्या पातळ आवरणात चरबीचे काही कण असतात आणि त्यांच्यावर फॉस्फेटची खूण चढते. पिशवी कुठे जायची ते त्या खुणेवरून ठरतं. पेशीला निरोपही तिच्यावरूनच कळतो. काम झालं की खूण उतरावी लागते. उतरवणारं प्रथिनच बिघडलं, तर पिशव्या तुंबतात आणि स्नायू बळ धरत नाहीत.

अशाच एका आजारी मुलाच्या पेशी तिच्याकडे आल्या होत्या. ताडून बघायला निरोगी पेशी लागतात. तिथल्या रीतीप्रमाणे तिने स्वतःच्या दंडाचं तीळभर कातडं दिलं. “ताईंचं कातडं म्हणजे अस्सल माल,” बरोबरचे चिडवायचे.

मग तिच्याच पेशींत न उतरलेल्या खुणांचे पुंजके चमकताना दिसले. सगळ्या पेशींत नाही, निम्म्यांत. पेशी वाढवायच्या बशा एकत्र मिसळल्या असणार म्हणून तिने सगळ्यांना फैलावर घेतलं. पुन्हा कातडं दिलं. पुन्हा तेच. शेवटी तिने आपलं जनुक तपासलं. काहीही मिसळलं नव्हतं. तीच तशी होती, निम्मी धड, निम्मी बिघडलेली. बाई हा दोष अंगात घेऊन सुखाने म्हातारी होते. किंमत मोजतो तो तिच्या पोटचा एखादा मुलगा.

“आई, चिंधी उसवलीच नाही तर कपड्याचं काय होतं?”

“काय व्हायचंय? पोचवलेला कपडा फिरून गठ्ठ्यात येतो. सगळं तुंबून बसतं.”

“आपल्या बाळाचं तसंच झालं होतं. त्याच्या अंगात चिंध्या उसवणारं कुणी नव्हतंच, जन्मापासून. तो पडला म्हणून नाही गेला, आई. पडला नसता तरी गेलाच असता. तुझी काही चूक नव्हती.”

इतक्या वर्षांचं ओझं उतरेल, आई कोसळेल, रडेल, असं थोरलीला वाटलं होतं. पण कात्री चालतच राहिली. लाल चिंधी पडली. निळी पडली.

“धाकटीला सांगितलंस?” आईने विचारलं.

 धाकटीचं नाव थोरलीने अजून काढलंच नव्हतं. दोष आईकडून लेकीकडे येतो, हेही अजून तिच्या ओठांवर यायचं होतं.

“तुला... तुला कसं कळलं?”

कात्री थांबली.

“माझा धाकटा भाऊ असाच होता. माझ्या मावशीचाही मुलगा तसाच. आमच्याकडे बायका दार लावून बोलायच्या, यांच्यात मुलगे टिकत नाहीत म्हणून. मी बाळाला पहिल्यांदा उचललं, त्याची मान कलंडली, आणि मला कळलं. बाहेर फुटलं असतं, तर तुम्हा दोघींना कुणी सून करून घेतलं असतं का गं? काहीतरी सांगायला तर हवं होतं लोकांना.”

“पण तूच तर म्हणालीस, हातून...”

आईने कात्री खाली ठेवली. दोन्ही तळवे उघडून मांडीवर घेतले, त्यांवर कुणी निजलेलं असावं तसे.

“मी त्याला एकदाही पाडलं नाही गं,” ती म्हणाली. “एकदासुद्धा नाही.”