घरात माळ आहे

यांना युगांडात नोकरी लागली, म्हणून कोणत्या लसी घ्यायच्या ते विचारायला आम्ही दोघं जळगावच्या डॉक्टरांकडे गेलो. “पीतज्वराची घ्यावीच लागेल, नाहीतर तिथे उतरू देत नाहीत. ती कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. अंडं खाल्लं की त्रास होतो?” त्यांनी विचारलं. मी घाईघाईनं म्हणाले, “हे माळकरी, अंड्याला शिवतसुद्धा नाहीत. मग आम्ही नाहीच जात.” यांनी सराईतपणे गळ्यातली तुळशीची माळ शर्टाच्या आत सरकवली. “मला काही होत नाही, डॉक्टर. दीपनगरला ड्युटीवर रोज आम्लेट खातो.” पोटुशी होते तेव्हा माझं रक्त फार कमी झालं होतं. माहेरून आलेली अंडी यांनी माझ्याच हातांनी उकिरड्यावर फेकायला लावली. म्हणाले, “घरात माळ आहे.” लेक अशक्तच जन्मली. डॉक्टर माझ्याकडे वळले: “ताई, तुम्हाला?” मी उठले. “लस याले एकट्यालेच द्या.”